गणपतीत बसलेला आवाज

माझं बोलणं पहिल्यांदा ऐकणारा माणूस बहुतेक वेळा खुर्चीवरून उठतो. त्यात त्याची काही चूक नाही. शर्टाचं वरचं बटण येतं ना, तिथे माझ्या गळ्याला एक भोक आहे आणि मी त्यातून श्वास घेतो. बोलायचं असलं की दाढीच्या मशीनएवढं एक यंत्र हनुवटीखाली दाबून धरतो आणि ओठ हलवतो. मग जो आवाज येतो तो माणसाचा की पिठाच्या गिरणीचा, हे कळायला समोरच्याला थोडा वेळ लागतो.

बुधवारी सकाळी मी रुग्णालयात जातो. आजारी म्हणून नव्हे, बोलायला. ज्यांना नुकतंच कळलंय की आपलं स्वरयंत्र काढावं लागणार, अशा लोकांना डॉक्टर मॅडम माझ्यासमोर आणून बसवतात. तेही उठतात. मी म्हणतो, "बैठिए, काटूँगा नहीं." हे वाक्य उसनं आहे. ज्यांच्याकडून घेतलं ते पुढे भेटतीलच.

हे लिहितोय ते अशा उठून दाराकडे निघालेल्या माणसांसाठी. मीही निघालो होतो, तेही रेल्वेचं तिकीट काढून.

चुकलो कुठे

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमचा संसार झाला. मी केंद्र सरकारच्या एका खात्यात. बायको शैला शाळेत गणित शिकवते. मुलगी मुक्ता इथेच वाढली आणि आता गुडगावला एका आयटी कंपनीत आहे. कॉलनीतली मराठी मंडळी दरवर्षी गणपती बसवतात आणि आरती सांगायची ती मी, हे ठरलेलं. माझ्यासमोर माइक ठेवला तर मला अपमान वाटायचा.

शेवटाकडे एक आरती येते, जिच्यात एका जागी सूर धरून ठेवायचा असतो. कुठली ते मराठी माणसाला सांगायला नको. सगळा मांडव दम कोंडून उभा राहतो आणि एकेक जण गळत जातो. आमच्याकडे शेवटी दोघंच उरायचे, मी आणि चिटणीस. चिटणीस समोरच्या ब्लॉकमध्ये राहतात, मंडळाचे कार्यवाह आहेत, आणि बरीच वर्षं माझ्याकडून हरत आलेत. हरले की म्हणायचे, "भालेराव, तुम्ही नाकाने चोरून श्वास घेता." मी म्हणायचो, "तुम्ही तोंडाने घ्या, तरी जमायचं नाही."

अनंत चतुर्दशीला ज्याचा आवाज बसलेला नाही त्याने गणपतीत काय केलं, असं आमच्यात विचारतात. त्यामुळे त्या वर्षी विसर्जनानंतर माझा आवाज बसला तेव्हा सगळ्यांनी कौतुकच केलं. मीही तो घोगरा आवाज ऑफिसात मिरवला. दसरा झाला, दिवाळी झाली. मग दिल्लीच्या हवेचा तो घाणेरडा महिना आला, ज्यात अख्खं शहर खोकत असतं. कँटीनमध्ये जो तो खाकरायचा आणि "पोल्यूशन है जी" म्हणायचा. मीही तेच म्हणायचो. ज्येष्ठमध चघळलं, हळद-दूध प्यायलो, मिठाच्या गुळण्या केल्या. गिळताना कानात कळ यायला लागली तरी आम्ही सगळं खापर आधी गणपतीवर आणि मग हवेवर फोडत राहिलो.

गणिताच्या बाईंनीच शेवटी हिशेब जुळत नाही हे ओळखलं. एका सकाळी मी चहा मागितला आणि शैला माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "अहो, नाताळ आला. हा अजून कुठल्या गणपतीतला आवाज?"

सिगरेट ओढायचो का, हे प्रत्येक जण विचारतो. ओढायचो, मुक्ता कॉलेजात गेली तेव्हा सोडली. आता पुढे वाचा.

निदानाचा दिवस

निदानाच्या दिवसाचं मला जे आठवतं ते फार फुटकळ आहे. डॉक्टर मॅडमच्या टेबलावर अर्धवट सोललेलं संत्रं होतं. बाहेर कोणीतरी नंबरावरून भांडत होतं. मॅडम वयाने मुक्तापेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी खुर्ची टेबलाच्या मागून काढून माझ्याजवळ आणली, तेव्हाच मला कळलं. चांगली बातमी सांगायला कोणी खुर्ची ओढत नाही.

"अंकल, बीमारी गले के अंदर काफ़ी फैली है. पूरा वॉइस बॉक्स निकालना पड़ेगा. जल्दी."

"फिर मैं बोलूँगा कैसे?"

"सीखेंगे," त्या म्हणाल्या. "बोलना फिर से सीखेंगे. पहले ज़िंदा रहते हैं."

मी त्या संत्र्याकडे बघत राहिलो. शैलाने मात्र व्यवस्थित प्रश्न विचारले: जेवता येईल का, अंघोळ कशी करायची, झोपताना श्वास अडकेल का. मला तिचा राग आला. माझा आवाज जाणार होता आणि ही अंघोळीचं विचारत होती. आज मी लोकांना सांगतो, निदानाच्या दिवशी सोबत असंच माणूस न्या. आपल्याला त्या दिवशी काहीही ऐकू येत नाही.

पुण्याला जाऊ

दिल्लीतल्या मराठी माणसाचं एक असतं. उभा जन्म इथे गेला तरी तो इथे 'सध्या' असतो. लग्नाचा बस्ता पुण्याला, मुंज पुण्याला, दाताची कवळीसुद्धा पुण्याला. तेव्हा माझ्या तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते हेच, की पुण्याला जाऊ, आपल्या माणसांत.

पुण्याला माझी थोरली बहीण आहे, अक्का. तिला फोन केला तर तिने लगेच साताऱ्याकडचा एक वैद्य शोधून काढला. "अरे, काप नाही, चिरा नाही. काढा देतो आणि गाठ विरते. आमच्या शेजारणीच्या दिराची विरली." कुणाच्या तरी शेजारणीचा दीर बरा झालेला असतोच. एरवी मी असल्या गोष्टींची टर उडवली असती. पण आवाज राहील असं सांगणारी ती एकटीच होती, आणि मला तेवढंच ऐकायचं होतं.

मी तिकीट काढलं. घरी सांगितलं की दुसरं मत घ्यायला जातोय. शैला पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही.

"तुम्ही पुण्याला चाललाय की इथून चाललाय?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे तेच. पुण्यातल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवणार असाल तर मी बॅग भरते. काढा प्यायला जाणार असाल तर तुमची तुम्ही भरा."

मी चिडलो. म्हणालो, आवाज माझा जातोय, तुझा नाही. त्यावर तिने तव्यावरची पोळी उलटली. मुक्ता शनिवारी आली आणि माझी बॅग बघून दारातच उभी राहिली. "बाबा, यार, हे काय? मॅडम बोलल्या ना, जल्दी करायचंय. तुम्ही मला बोर्डाच्या एक्झामच्या टाइमला काय बोलला होता? पेपर सोडून उठायचं नाही, बैठे रहो. बोलला होता ना?"

बोललो होतो. दुसऱ्याच्या पेपराला बसायला सांगणं सोपं असतं. त्या शनिवार-रविवारी आमच्या घरात तीन माणसं होती आणि फक्त टीव्ही बोलत होता.

शेवटी शैलाने एकच अट घातली. जायचं तर गाठीचा तुकडा तपासला त्याच्या काचपट्ट्या, म्हणजे स्लाइड्स, रुग्णालयातून परत घ्यायच्या आणि पुण्यातल्या खऱ्या डॉक्टरांना दाखवायच्या. मी कबूल झालो, आणि काचपट्ट्या आणायला एकटाच गेलो.

धरमपाल

काचपट्ट्या मिळायला वेळ लागणार होता. बाकावर बसलो होतो तर डॉक्टर मॅडम तिथून चालल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं, हातातला काचपट्ट्यांचा अर्ज पाहिला आणि काय ते ओळखलं. रागावल्या नाहीत. "जाने से पहले पाँच मिनट," असं म्हणून मला एका लहान खोलीत घेऊन गेल्या.

आत पांढरा कुर्ता आणि गळ्याभोवती मफलर असलेले एक धिप्पाड गृहस्थ बसले होते. त्यांनी मफलर सैल केला, गळ्याला यंत्र लावलं, आणि त्या खोलीत असा एक सपाट, घरघरता आवाज झाला की मी ताडकन उठलो. हाच का आपला पुढचा आवाज? मी दाराच्या कडीला हात घातला.

"बैठ जा, भाई," यंत्र म्हणालं. "काटूँगा नहीं."

मॅडम हसल्या. मी बसलो, पण कडेला.

ते पानिपतचे. चादरींचा कारखाना. नाव धरमपाल. मला विचारलं, "कहाँ के हो?"

"मराठी हूँ. पुणे का," मी म्हणालो. आर. के. पुरम म्हणालो नाही.

ते हसले. त्या हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलले. "मैं भी मराठा सूँ."

पानिपत-कर्नालकडे रोड म्हणून एक समाज आहे. पानिपतच्या लढाईनंतर मागे राहिलेल्या मराठ्यांचे आपण वंशज, असं ते लोक मानतात. इतिहासवाले त्यावर काय म्हणायचं ते म्हणोत, धरमपालांच्या घरात ही गोष्ट बाप मुलाला सांगत आलाय. मला हे ठाऊक होतं. दर संक्रांतीला आमच्या मंडळाची बस पानिपतला काला अंबला जाते. तिथल्या स्मारकापुढे आम्ही नारळ फोडतो आणि घोषणा देतो. घोषणा अर्थातच मी द्यायचो.

"देख्या है मैंने थारे को," ते म्हणाले. "हर साल आओ हो. नारे लगाओ हो. साँझ को वापिस."

मग त्यांनी यंत्र खाली घेतलं, थोडे थांबले, पुन्हा लावलं. एवढं बोलायलाही त्यांना मेहनत पडत होती हे आत्ता माझ्या लक्षात आलं. "जो भाग सके, वे घर चले गए. म्हारे वाले इत ही रह गए. जंगल में छुपे. फेर निकले. हल पकड़ लिया, ब्याह कर लिए. मराठी का एक आखर ना बचा." बोटाने त्यांनी स्वतःच्या छातीवर टकटक केलं. "बोली चली गई. बंदे रह गए."

मी इतकी वर्षं काला अंबला जे पडले त्यांच्यासाठी हात जोडले. जे राहिले त्यांचा विचारच केला नव्हता. ज्यांना पुण्याला परत जाता आलं नाही, किंवा जे गेले नाहीत, त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय केलं असेल? त्यांना घोषणा देता आल्या नसतील. आपली भाषाही तोंडातून काढायची चोरी. तरी त्यांनी शेतं कसली आणि पोरं वाढवली, म्हणून तर हे गृहस्थ समोर बसून मला बसवत होते.

ते थोर आहेत म्हणून धीट होते, असंही नव्हे. जायच्या आधी त्यांनी तेही सांगून टाकलं. "मैं भी भागा था. राजस्थान में एक बाबा की पुड़िया खाई, महीनों. जितना छोटा था, उतना बड़ा हो गया." आणि मफलर आणखी खाली ओढून त्यांनी मला दाखवलं, की उशिरा आल्यामुळे डॉक्टरांना किती जास्त कापावं लागलं ते. मी डोळे मिटले नाहीत. मिटावेसे वाटत होते.

काचपट्ट्या तयार झाल्याचं कोणीतरी येऊन सांगितलं. मी म्हणालो, नकोत.

घरी आलो. शैला वह्या तपासत होती. मी म्हणालो, "तिकीट रद्द करतो." तिने पेनाचं टोपण लावलं, चष्मा काढला आणि निदानानंतर पहिल्यांदा रडली. बराच वेळ रडली. मी जवळ बसून राहिलो. अक्काला फोन केला तर ती फोनवर चिडली, मग रडली, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच बॅग घेऊन दिल्लीला आली. आपल्या माणसांत जायचं म्हणत होतो, तर आपली माणसं अशी इकडेही येऊ शकतात.

संक्रांत

शस्त्रक्रिया संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ठरली. आमच्यात संकट आलं की संक्रांत आली म्हणतात, इथे तारखेसकट आली होती.

भरती व्हायच्या आदल्या दिवशी मुक्ताने फोन काढला. "बाबा, तुमचा आवाज रेकॉर्ड करते. काहीतरी बोला." मी खुर्चीत ताठ बसलो. घसा खाकरला. इतक्या वर्षांची भाषणं, सूत्रसंचालनं, घोषणा, आणि त्या क्षणी एक शब्द सुचेना. काय बोलतो माणूस अशा वेळी? उपदेश करावा तर मुक्ताला हसू आलं असतं, प्रेमाचं बोलावं तर मलाच हुंदका आला असता. तेवढ्यात न्हाणीघरातून पाण्याचा आवाज आला आणि मी सवयीने ओरडलो, "गीझर बंद केला का? किती वेळ चालूय!" मुक्ताने रेकॉर्डिंग थांबवलं. माझा स्वतःचा आवाज घरात शिल्लक आहे तो एवढाच.

संक्रांतीच्या सकाळी मंडळाची बस माझ्याशिवाय पानिपतला गेली. चिटणीस गेले नाहीत. ते वॉर्डात आले, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात तिळगुळाचा डबा. पलंगापाशी उभे राहून त्यांनी लाडू माझ्या हातावर ठेवला आणि सवयीने म्हणायला लागले, "तिळगूळ घ्या आणि गोड..."

आणि त्यांच्या लक्षात आलं. पुढचा शब्द त्यांनी गिळला. शैला खिडकीकडे बघायला लागली. अक्काने पदर तोंडाला लावला.

मला वाटलं, हा शब्द असा अर्धा राहिला तर उद्यापासून सगळेच माझ्यासमोर शब्द गिळत बसतील. मी म्हणालो, "बोला. गोड बोला, असं म्हणायचं असतं, चिटणीस. म्हणा पूर्ण. आज अजून मी उत्तर देऊ शकतो."

त्यांनी ते म्हटलं. त्यांचाच आवाज फुटला. मी लाडू खाल्ला आणि म्हणालो, "गूळ कमी पडलाय." गूळ बरोबर होता.

त्या संध्याकाळी मला भीती वाटली नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. दुसऱ्या दिवशी ट्रॉलीवर नेताना छतावरचे दिवे मागे जात होते आणि मी मनात म्हणत होतो, उठून पळावं. पण भीती वाटत असतानाही माणूस आडवा पडून राहू शकतो, हे मला तिथे कळलं. धैर्य म्हणजे काही मोठं असेल ही माझी समजूत होती. माझ्या वाट्याला आलं ते एवढंच होतं, की उठायचं नाही.

पाटी

शुद्धीवर आलो आणि शैलाला हाक मारली. ओठ हलले. बाकी काही नाही. माहीत असूनही मी पुन्हा मारली, पुन्हा. मग तिने माझा हात धरला आणि हातात मुलांची पुसायची पाटी दिली.

पाटीवर सगळं करता येतं, भांडता येत नाही. तुम्ही रागाने "मला कोणी विचारत का नाही" असं लिहीपर्यंत ज्याच्यावर रागावलात तो चहा प्यायला गेलेला असतो. शिवाय मी लिहायचो मराठीत, आणि सिस्टर होती केरळची. तिने दोन दिवसांत माझ्या हातवाऱ्यांची भाषा शिकून घेतली आणि माझ्यापेक्षा चांगली बोलायला लागली. तोंडाने खायला परवानगी नव्हती, नाकातल्या नळीने सगळं जायचं. गळ्यातल्या भोकातून खोकला यायचा. एका दुपारी कफाने ते भोक बंद झालं आणि मला श्वास मिळेना. ओरडताही येईना. मी पाटीच पलंगाच्या लोखंडी दांड्यावर आपटली. सिस्टर धावत आली, तिने मशीनने कफ ओढून काढला, माझं डोकं धरून म्हणाली, "अंकल, घबराना नहीं. बजाया ना? बस, ऐसे ही बजाना." त्यानंतर पाटी मी उशाखाली ठेवायचो.

घरी आल्यावर जास्त कठीण गेलं. हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. रुग्णालयात सगळे शूर असतात. घरी अंघोळीला बसलं की गळ्यात पाणी जाईल म्हणून शैला एका हाताने टॉवेल धरून उभी, दुसरीकडे कुकरची शिट्टी, शाळेत तिची रजा संपत आलेली. मग रेडिएशन सुरू झालं, घसा आतून सोलवटला आणि मी चिडचिडा झालो. बोलता येत नाही म्हणून भांडी आपटायला लागलो. एका सकाळी तिने माझ्यासमोर पातळ खिमट ठेवलं आणि मी वाटी सरकवली. ती म्हणाली, "तुमचा आवाज गेला ते एका अर्थी बरंच झालं." आणि लगेच तोंडावर हात धरला.

मी पाटी घेतली. लिहिलं, "हे आधी म्हणायचं होतं. मी उत्तर दिलं असतं."

ती हसायला लागली आणि हसता हसता रडली. वाटी मी ओढून घेतली. त्या दिवसापासून ती माझ्याशी पुन्हा पहिल्यासारखी भांडायला लागली, आणि मला बरं वाटायला लागलं.

वास गेला, हे मात्र मला अजून छळतं. नाकातून हवाच जात नाही, तर वास कुठून येणार? तूप कढतंय हे मला दिसतं, कळत नाही. पण नाल्याचा वासही गेला. दिल्लीत हा सौदा अगदीच वाईट नाही.

गिरणी

यंत्रावर बोलायला धरमपालांनी शिकवलं. पानिपतहून यायचे. माझी पहिली वाक्यं कोणालाच कळली नाहीत. "पूरा वाक्य मत ठूँस," ते म्हणायचे. "एक एक शब्द रख. लोग उठा लेंगे." घरात जमलं. बाहेर जायची वेळ आली की माझा पाय उंबऱ्यात अडायचा. शैलाने तिच्या जुन्या मलमलच्या ओढण्यांतून गळ्यावर बांधायला रुमाल शिवले होते. मी रुमाल बांधायचो, चपला घालायचो आणि चपला काढायचो.

शेवटी एका सोमवारी आठवडी बाजारात गेलो. भेंडी कशी दिली, असं यंत्राने विचारलं. भाजीवाला दचकला, आजूबाजूच्या बायका वळल्या, एक लहान मूल आईच्या मागे गेलं. मला तिथून पळावंसं वाटलं. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्याने भाव सांगितला. मी कमी करायला सांगितलं. त्याने नाही म्हटलं. मी पुन्हा सांगितलं. मग तो म्हणाला, "ले जाओ अंकल, ले जाओ, आपकी बैटरी ख़त्म हो जाएगी." सगळे हसले, मीही हसलो, खांद्यांनी. भेंडी जून निघाली. शैला म्हणाली, "आवाज गेला, भाजी पारखायची अक्कल आधीपासूनच नव्हती."

मांडव

गणपती आले. मी ठरवलं होतं की जायचं नाही. दर्शन सकाळी घेऊन येऊ, आरतीच्या वेळी घरी. कारणं तयार होती: धूप गळ्यात जाईल, गर्दी, दगदग. शैलाने सगळी ऐकून घेतली आणि काठापदराची साडी नेसली. दारात उभी राहून म्हणाली, "अहो, आता कुठल्या पुण्याला चाललाय?"

मी नवा रुमाल बांधला.

मांडवात मला पाहून आधी सगळे गप्प झाले, मग सगळे एकदम बोलायला लागले. मागच्या रांगेत पांढऱ्या कुर्त्यात धरमपाल होते. मुक्ताने त्यांना बोलावलं होतं. आरती चिटणीस सांगत होते, आणि बरी सांगत होते. माझ्या हातात झांजा होत्या. ओठांनी मी सगळं म्हणत होतो. प्रत्येक कडव्याला आत काहीतरी तुटत होतं, पण झांजेचा ठेका मी सोडला नाही.

मग ती आरती आली. सूर धरायची जागा जवळ आली आणि चिटणीस त्या जागेच्या अलीकडे थांबले. सगळा मांडव थांबला. ते माझ्याकडे बघत होते. त्यांना पुढे जाववत नव्हतं. संक्रांतीला गिळला तसाच हाही शब्द ते गिळणार होते.

मी झांजा खाली ठेवल्या आणि उजवा हात वर केला.

आधी चिटणिसांना कळलं. त्यांनी सूर उचलला, मागोमाग साऱ्या मांडवाने. मी हात वरच धरून ठेवला. पोरं गळली. बायका गळल्या. मुक्ता गळली आणि खोकत हसायला लागली. मी हात खाली घेत नव्हतो. मला घाई नव्हती, गळ्यातून माझा श्वास निवांत आत-बाहेर होत होता. शेवटी एकटे चिटणीस उरले, लाल झालेले, डोळे बाहेर आलेले, विनवणीने माझ्या हाताकडे बघत. मी त्यांना आणखी थोडं धरायला लावलं. मग हात खाली घेतला.

ते खुर्चीवर कोसळले. मांडव टाळ्या वाजवत होता. मी खिशातून यंत्र काढलं, गळ्याला लावलं, आणि एकेक शब्द नीट ठेवला.

"चिटणीस. यंदाही. मीच."